पांढऱ्या विटा

निवृत्त झालेल्या बाईने काय करावं याबद्दल इतरांची मतं पक्की असतात. रेणुका गमरेला टेलिफोन ऑफिसातून निरोपाचा नारळ मिळाला आणि ती मतं तिला एकामागून एक ऐकायला लागली. शेजारणीने योगासनांचा वर्ग सुचवला. नवऱ्याने, म्हणजे प्रमोदने, महिला मंडळ सुचवलं. पुण्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, आता जरा स्वतःसाठी जग," आणि त्याच फोनमध्ये बाळंतपणाला कधी येतेस तेही विचारून घेतलं. रेणुका सगळ्यांना हो म्हणाली. मग नाचणे रोडवरच्या अद्नानच्या भंगाराच्या दुकानातून प्लास्टिकच्या विटांचं अर्धं पोतं रिक्षात घालून घरी घेऊन आली.

विटा म्हणजे पोरं खेळतात त्या. वर बटणं, खाली पोकळ, एकीवर एक दाबली की टच् करून बसणाऱ्या. हल्ली कुठल्याही कंपनीच्या असोत, सगळे त्यांना लेगोच म्हणतात. रेणुकाच्या लहानपणी त्यांना काही नावच नव्हतं. तिची आत्या मुंबईत एका बड्या घरात मुलं सांभाळायची. ती मुलं मोठी झाली तेव्हा आत्याने त्यांच्या टाकून दिलेल्या विटा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून गावी आणल्या. आणल्या अर्थात रेणुकाच्या भावासाठी. भावाने चार दिवस त्यांचे ट्रक केले आणि मग तो लगोऱ्या खेळायला पळाला तो पळालाच. डबा रेणुकाकडे आला. वडील गवंडी होते. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यावर सांधा आला की भिंत फाटते, हे त्यांचं जेवतानासुद्धा चालू असायचं. पोरीने ते उचललं आणि तेवढ्या भांडवलावर घरं, पूल, बुरूज काय काय रचलं. बारा वर्षांची झाल्यावर आईने "आता घोडी झालीस, पुरे" म्हणून डबा माळ्यावर टाकला. पुढे कौलं बदलायची वेळ आली तेव्हा माळाच निघाला. डबा कुठे गेला हे कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिला बी.ए. व्हायचं होतं, नोकरी धरायची होती, लग्न, पोरं, सासूचं अंथरुणातलं आजारपण, सगळं एकामागून एक उरकायचं होतं.

त्या दिवशी ती अद्नानकडे रद्दी घालायला गेली होती. आखातातून परत आलेल्या कोणा कुटुंबाने घर आवरताना ते पोतं त्याच्याकडे टाकलं होतं. पोत्याचं तोंड उघडं होतं. रेणुकाने आत हात घातला, दोन विटा काढल्या आणि एकमेकींवर दाबल्या. टच्.

"काय बाई, नातवाला?" अद्नानने विचारलं.

"मला."

"आं?"

"मला खेळायला. किलोने देतोस की नगाने?"

अद्नान हसला, पण कुचकट हसला नाही. "प्लास्टिकच्या भावाने घ्या. आमच्याकडून सगळं वितळायलाच जातं."

आता थोडं पैशांचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेन्शन होती, पण घराच्या दुरुस्तीचा हप्ता, दोघांची औषधं आणि मुलीकडच्या फेऱ्या यांत ती संपायची. नव्या खोक्याची किंमत रेणुकाने एकदा मोबाइलवर पाहिली आणि मोबाइल उपडा घातला. त्यामुळे जे मिळेल ते भंगारातून. अद्नान गोण्या उपसताना विटा दिसल्या की तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. त्यात अस्सल कमी आणि चिनी नकला जास्त असायच्या. कोणाला शाईचे डाग, कोणावर कुत्र्याचे दात. ती सगळ्या कपड्यांच्या पावडरीत भिजवायची, जुन्या ब्रशने घासायची, सुपात घालून गच्चीत वाळवायची आणि रंगवार श्रीखंडाच्या डब्यांत भरायची. नकली वीट बोटांना लगेच कळायची. ती बसताना कुरकुरायची आणि बसल्यावर डुगडुगायची. तिला रेणुका भिंतीच्या पोटात घालायची, दिसणारी बाजू अस्सल विटांची.

विटा मोजक्याच म्हटल्यावर मोडल्याशिवाय पुढचं काही रचता येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो एक रचून मांडून ठेवतो आणि दुसऱ्यासाठी दुकानात जातो. रेणुकाने भाट्याचा पूल बांधला, दिवसभर त्याच्याकडे बघितलं, संध्याकाळी मोडला. त्याच विटांची दाभोळची फेरीबोट केली, वरखाली होणाऱ्या फळीसकट. तीही मोडली. मोडताना तिला वाईट वाटायचं नाही. उलट जी वीट सहज सुटत नाही तिथे आपलं बांधकाम चांगलं झालं होतं, हे मोडतानाच समजायचं.

"काय इंजिनियर, आज कशाचं उद्घाटन?" प्रमोद चहाचा कप घेऊन डोकावायचा.

"तुमच्या चष्म्याचं. तो लावा आणि पाय काढा, खाली चाकं आहेत."

असं त्यांचं चालायचं. प्रमोद मनाने वाईट माणूस नव्हता. तो शाळेत हेडक्लार्क होता, निवृत्तीनंतर गावच्या मंडळाचा सचिव झाला, आणि सचिव झाल्यापासून स्वतःच्या घरातलं सगळं त्याला मंडळाचं वाटायला लागलं होतं. खुर्च्या गेल्या, मोठी पातेली गेली, रेणुकाच्या दोन सतरंज्या गेल्या. सतरंज्यांवर ती भांडली नाही. तिथे भांडायला हवं होतं.

पांढरी वीट भंगारात क्वचित येते. लाल, निळी, पिवळी पोत्याने येतात. पांढरी लोक शेवटपर्यंत सोडत नाहीत, किंवा ती इतकी मळलेली असते की ओळखू येत नाही. रेणुकाला एक दीपस्तंभ करायचा होता. नुसता उंच खांब कोणीही करेल. तिला तो एका बाजूने उघडा हवा होता, म्हणजे आतला गोल जिना दिसला असता. पायरी पायरीवर किंचित वळवत न्यायची आणि तरी जिना स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. सहाव्या-सातव्या पायरीला तो दर वेळी कलंडायचा. शेवटी एका पावसाळ्यात तिला त्याची युक्ती सापडली. आता फक्त पांढऱ्या विटा जमवायच्या होत्या. त्या जमवण्यात दोन वर्षं गेली. एकेक वीट ती धुऊन, उजेडाकडे धरून बघून, वेगळ्या डब्यात टाकत होती. डबा भरत आला होता.

आणि तेव्हाच विहाराचं निघालं.

प्रमोदचं गाव हेदवीच्या बाजूला. रत्नागिरीहून जयगडला जायचं, फेरीबोटीने तवसाळला उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. बौद्धवाडी पन्नासेक घरांची, त्यातली निम्मी बंद. कोकणात गाव दोन ठिकाणी असतं, एक गावात आणि एक मुंबईत. मंडळही तसंच: ग्रामीण शाखा आणि मुंबई शाखा. राहायचं ग्रामीणने आणि ठरवायचं मुंबईने. जुन्या विहाराचे पत्रे गळत होते, भिंतीला ओल आली होती. नवा बांधायचा यावर दोन्ही शाखांचं एकमत होतं, म्हणून तर दहा वर्षं काही हललं नव्हतं. मुंबईच्या आर्किटेक्टने काढलेला नकाशा प्रत्येक सभेत उलगडला जायचा, लोक तो उभा-आडवा धरून बघायचे, "जिना कुठे हाय?" विचारायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे.

"तुझ्या त्या ठोकळ्यांचा करून दे ना विहार," प्रमोद म्हणाला. "डोळ्यांनी दिसला की लोकांना कळेल. बुद्धपौर्णिमेला सगळे चाकरमानी असतात. एका दिवसाचं तर काम."

"ठोकळे नाहीत, विटा. आणि पांढऱ्या मी दीपस्तंभासाठी ठेवल्यात."

"दीपस्तंभ काय पळून जातोय?"

रेणुकाने विचार केला. तीही त्या वाडीची सून होती, गळक्या पत्र्याखाली तिनेही वंदना म्हटली होती. शिवाय, खरं सांगायचं तर, तिच्या कामाचा कोणाला उपयोग आहे असं त्या घरात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. ते तिला आवडलं. माणूस फसतो तो अशाच ठिकाणी.

"करते," ती म्हणाली. "पण सभा झाली की परत नेणार. आणि घरी आणून मोडणार. आधीच सांगून ठेवते."

"ने गो. कोण धरतंय?"

तिने महिनाभर खपून विहार केला. नकाशावरची मापं विटांच्या बटणांत बसवली. भिंती दुहेरी घेतल्या, बाहेरून पांढऱ्या. शेवटी शेवटी आतल्या बाजूला पांढऱ्या पुरेनात तिथे मात्र नाइलाजाने पिवळ्या. कमानी अद्नानने कुठून तरी पैदा केलेल्या. घुमटात तिने इतका जीव ओतला की दोनदा पहाटे उठून तो उतरवला आणि पुन्हा चढवला. छप्पर उचललं की आतलं सभागृह दिसायचं, खिडक्या दिसायच्या, लोकांना दहा वर्षं न सापडलेला जिना दिसायचा. खोक्यात घालून फेरीबोटीत तो तिने मांडीवर धरून नेला. वाटेत एका बाईने केक आहे का म्हणून विचारलं.

पौर्णिमेला वाडी भरली होती. टेबलावर पांढरं कापड घालून विहार ठेवला आणि पोरंबाळं, म्हातारी माणसं, मुंबईच्या सुना, सगळे त्याच्याभोवती जमले. मुंबई शाखेचे अध्यक्ष महिपत गमरे, प्रमोदचे चुलतभाऊ, गॉगल कपाळावर चढवून वाकून बघत होते. "वहिनी, तुम्ही तर कमालच केली. हा बघा जिना! दहा वर्षं काय सांगत होतो मी?" लोक हसले. रेणुकाचा चेहरा फुलला. तिने छप्पर उचलून आतलं दाखवलं, खिडक्या मोजून दाखवल्या, कोणी विचारलं त्याला उत्तरं दिली. टेलिफोन ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण तिला इतके प्रश्न कधी कोणी विचारले नव्हते.

मग सीताकाकी आल्या. प्रमोदच्या चुलती, ऐंशीच्या पुढच्या, वाडीतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून बोटभर उंचीची बुद्धमूर्ती काढली. कोणीतरी बुद्धगयेहून आणून दिलेली ती मूर्ती त्या झोपतानाही उशाशी ठेवायच्या. छप्पर उघडंच होतं. काकींनी मूर्ती आत, नकाशात जिथे दाखवली होती नेमक्या त्याच जागी ठेवली. बघता बघता कोणी दोन चाफ्याची फुलं वाहिली, कोणी टेबलावर मेणबत्त्या लावल्या. बौद्धाचार्य तिथेच उभे होते. त्यांनी हात जोडले आणि वंदना सुरू केली. सगळी वाडी मागून म्हणायला लागली. रेणुकानेही म्हटली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते कशाला नाकारा.

जेवणं झाली, लोक पांगले. रेणुका खोका घेऊन टेबलापाशी गेली. मूर्ती हलकेच उचलून काकींकडे देण्यासाठी तिने हात पुढे केला.

"अगो, काय करतंस?" काकी ओरडल्या.

"काकी, तुमची मूर्ती घ्या. मला हे घरी न्यायचंय."

"घरी नेऊन?"

"मोडणार. दुसरं काही करणार. या विटा आहेत काकी, खेळायच्या."

चार बायका जमल्या. काकी टेबल आणि रेणुका यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. "वंदना झाली हितं. मूर्ती बसली. आणि तू विहार मोडतंस?"

"विहार नाही हो हा. विहाराचा नमुना आहे."

"आमाला देवळाच्या पायरीला उभं करीत नव्हते, ठावं हाय तुला? माझ्या सासऱ्यानं घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले, त्या दिसापासून वाट बघते मी, आपली एक बरी जागा होईल म्हणून. पत्रं गळतात, तरी बसलो. आज डोळ्यांनी बघितला. आणि तू म्हणतंस खेळायचा हाय?"

रेणुकाला एकच उत्तर सुचत होतं, की काकी, सासऱ्यांनी दगडाचे देव सोडले ते सुनेने प्लास्टिकचे धरावेत म्हणून नव्हे. ते तिने ओठांवर येऊ दिलं नाही. तिने प्रमोदकडे पाहिलं. प्रमोद खुर्च्या मोजत होता.

महिपतरावांनी मध्ये पडून सगळं गोड करून टाकलं. "वहिनींची भावना आम्ही समजतो. पण समाजाचीही एक भावना असते. खरा विहार उभा राहीपर्यंत ही प्रतिकृती इथेच राहील, असा मी ठराव मांडतो." कोणी तरी अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. रेणुका रिकामा खोका घेऊन फेरीबोटीत बसली.

"मी सांगितलं होतं, परत नेणार म्हणून," ती म्हणाली.

"लोकांसमोर तमाशा करायचा होता काय?" प्रमोद म्हणाला. "चार ठोकळ्यांसाठी? दुसरे घे की."

"कुठून? ते गोळा करायला दोन वर्षं गेली."

"मग अजून दोन वर्षं जातील. तुला काय, कामाला जायचंय?"

"तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"श्रद्धेचा विषय आहे, रेणू. तुझं हे नास्तिकासारखं..."

"मी रोज सकाळी वंदना म्हणते. तुम्ही तेव्हा पेपर वाचत असता. माझं बुद्धाशी भांडण नाही. माझं भांडण कोणाशी आहे ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

खरा विहार काही उभा राहिला नाही. राहणार कसा? नमुन्यामुळे लोकांना नकाशा कळला, आणि कळल्याबरोबर तो कोणालाच पटेना. ग्रामीणला जिना उजवीकडे हवा, मुंबईला डावीकडे; मुंबईला देणगीदारांची संगमरवरी पाटी दर्शनी भिंतीवर हवी, ग्रामीणला मागे. वर्ष गेलं. मधल्या काळात मुंबई शाखेने नमुन्यासाठी काचेचं कपाट करून पाठवलं, आत दिवा असलेलं. खाली पितळी पट्टी होती: 'नियोजित विहाराची प्रतिकृती. सौजन्य: मुंबई शाखा.' रेणुकाने पट्टीचा फोटो मोबाइलवर पाहिला. नावासाठी तिचं काही अडलं नव्हतं. तिला विटा हव्या होत्या.

तिने महिपतरावांना फोन केला.

"वहिनी, ठराव झालाय," ते म्हणाले. "ठराव फिरवायला सर्वसाधारण सभा लागते."

"माझ्या वस्तूवर तुमचा ठराव कसा होतो, भावोजी?"

"अहो, दान झालं ते. दान ही तर पहिली पारमिता. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंना मी सांगायचं?"

"दान देणाऱ्याने करायचं असतं, भावोजी. घेणाऱ्याने नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि मग रेंज गेली. मुंबईकरांची रेंज सोयीने जाते.

रेणुका हात चोळत बसणारी बाई नव्हती. तिने डोकं चालवलं. भिंती दुहेरी होत्या. घुमटाखालचा भराव, जोत्याचं पोट, छपराची आतली बाजू, यांतही सुरुवातीला, पुरतील अशा भरवशावर, पुष्कळ पांढऱ्या गेल्या होत्या; त्या बाहेरून कोणाला दिसत नव्हत्या. त्या काढून त्यांच्या जागी लाल-निळ्या घातल्या तर विहार बाहेरून होता तसाच राहील. काकींचा विहार काकींना राहील आणि दीपस्तंभाचा निदान जिना तरी तिला करता येईल. अर्ध्या विटांवर ती समझोता करायला तयार होती. स्वतःच्याच विटांवर समझोता! पण निम्म्या आयुष्याचे समझोते असेच झाले होते, त्यात हा एक.

एका साध्या मंगळवारी, गावात कोणी मुंबईकर नसताना, ती लाल-निळ्या विटांची पिशवी घेऊन एकटीच गेली. प्रमोदला मुद्दाम सांगून गेली, लपवाछपवी तिला जमायची नाही. त्याने "बघ जाऊन" एवढंच म्हटलं आणि पेपर वर धरला.

काकी पायरीवर बसून चिंचा सोलत होत्या. रेणुकाने सगळं समजावून सांगितलं: मूर्ती हलणार नाही, बाहेरचा एक कण हलणार नाही, आतल्या तेवढ्या बदलायच्या. काकींनी ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला समोर बसून नीट सांगितलं की बरंचसं पटतं. सभेत सांगितलं की नाही.

"बाहेरनं तसाच दिसंल?"

"तस्सा."

"मग बदल. तुझं हाय म्हणतंस तर बदल. पण माझ्यासमोर."

काकींनी किल्ली आणली. कपाट उघडलं. रेणुकाने आधी हात जोडले, मग छपराला दोन्ही बाजूंनी धरलं आणि वर उचललं. छप्पर उठेना. मागच्या अंगाने बघते, तर तेही नाही. तिने जोत्याच्या कोपऱ्यातली एक वीट नखाने उचकायचा प्रयत्न केला. नख मुळापर्यंत तुटलं, वीट होती तिथेच राहिली. मग तिने चष्मा पुसून जवळून पाहिलं. प्रत्येक सांध्यातून काहीतरी पातळ, काचेसारखं ओघळून वाळलं होतं. घुमटावर सोनेरी ऑइलपेंट होता, त्याचा एक ओघळ कमानीपर्यंत आला होता.

"रितेशनं केलं ना," काकी कौतुकाने म्हणाल्या. रितेश म्हणजे महिपतरावांचा पुतण्या, वाडीतच राहायचा. "कपाट उघडं दिसलं की पोरं खिडक्या काढून नेत होती. मग त्यानं चिकटवण्याच्या ट्युबा आणल्या, आन् एकेक वीट काढून, लावून, काढून, लावून... आठ दिस बसला होता. आता भूकंप झाला तरी हलायचा नाय. हात लावून बघ."

रेणुकाने हात लावला. बोटांखाली एकच गुळगुळीत, निबर ढेकूळ होतं. एकेक वीट काढून, लावून. म्हणजे त्याला ते सुटं करता आलं होतं. सगळ्या विटा एकदा मोकळ्या त्याच्यासमोर पडल्या होत्या, आणि त्याने मनापासून, जीव लावून, त्या कायमच्या मारून टाकल्या होत्या. कोणाला शिव्या द्याव्यात? पोराने काम चोख केलं होतं. सांध्यावर सांधा कुठेही येऊ दिला नव्हता.

"तुला बदलायच्या होत्या त्या?" काकींनी विचारलं.

"राहू दे काकी. आता नको."

"चिंच नेतंस वाईच?"

तिने चिंच घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर आलं असतं.

घरी आली तेव्हा प्रमोद जेवणासाठी थांबला होता. ताटं त्याने घेतली होती, हे तो वर्षाकाठी एकदा करायचा.

"तुम्हाला माहीत होतं," रेणुका म्हणाली. उभ्यानेच म्हणाली.

प्रमोदने भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. "रितेशचा फोन आला होता, चिकटवू काय म्हणून... म्हणजे तुला विचारायचं म्हणत होता. मी म्हटलं, चिकटव."

"का?"

"अगं, वर्षभर तेच. सकाळ-संध्याकाळ विटा, विटा. महिपतला फोन काय, माझ्याशी बोलणं बंद काय. म्हटलं, एकदा चिकटलं की तुझ्याही डोक्यातून जाईल. तुझ्या भल्यासाठीच."

इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली. त्याने तिचा पगार कधी मागितला नाही, हात कधी उचलला नाही, चारचौघांत बायकोचं कौतुकही केलं. आणि तिच्या भल्यासाठी त्याला ट्युबा सुचल्या. रेणुका जेवायला बसली. भात गार झाला होता. तिने तो पूर्ण खाल्ला, कारण दिवसभर पोटात काही नव्हतं, आणि नवऱ्यावरच्या रागाने उपाशी राहण्याचं तिचं वय गेलं होतं.

त्यानंतर अद्नानच्या दुकानात एकदा मूठभर पांढऱ्या आल्या. "बाई, तुमच्या लाडक्या," म्हणून त्याने पुडी पुढे केली. रेणुकाने पुडी उघडली, बघितली आणि परत दिली. "पांढऱ्या नकोत मला यापुढे. बाकीच्या ठेवत जा."

"का हो? दीपस्तंभ व्हायचा होता ना?"

"पांढरं काही केलं की लोक हात जोडतात. तपकिरी असतील तर बघ, नाहीतर तो शेवाळी हिरवा."

अद्नानला समजलं नाही. तिने समजावलंही नाही.

पुढच्या आठवड्यात तिने पुढच्या खोलीतल्या टेबलावर, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं दिसेल तिथे, तपकिरी, हिरव्या आणि मळखाऊ निळ्या विटांचं एक बुटकं बांधकाम उभं केलं. चार बंद दारं, वर बारीक झरोके, बाहेर पाण्याची टाकी, दाराशी पैसे घेणाऱ्याचं टेबल. काम सुबक होतं. दारं उघडत-मिटत होती. मंडळाची माणसं सभेच्या वर्गणीसाठी आली, त्यांनी चहा घेताना त्याकडे बघितलं आणि एकाने तर भाबडेपणाने विचारलं की ही शाळा आहे काय.

ती माणसं गेल्यावर प्रमोदनेही विचारलं. "हे काय केलंस?"

"स्टँडवरची मुतारी. बायकांची," रेणुका म्हणाली. "न्या तुमच्या पुढच्या सभेला. बसवा त्यात कोणाला बसवायचं ते."

प्रमोदचा चेहरा काळवंडला. तो चपला घालून खाली गेला आणि बराच वेळ फाटकापाशी उभा राहिला. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. रेणुकाने ते बांधकाम तसंच ठेवलं. मोडलं नाही. मोडून नवीन काय करायचं, ते काही केल्या तिला सुचत नव्हतं.